सोरायसिस असेल तर सांधे असे तपासा

अंगावर चट्टे, त्यांवर पांढुरके खवले, डोक्यात कोंड्यासारखा जाड थर, खाज. सोरायसिस म्हणजे एवढंच, असं बहुतेकांना वाटतं, आणि म्हणून सगळं लक्ष मलमांकडे जातं. पण शरीराची प्रतिकारशक्ती ज्या बिघाडामुळे आपल्याच त्वचेच्या मागे लागते, त्याच बिघाडामुळे ती सांध्यांच्याही मागे लागू शकते. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे चिकटतात त्या जागाही सुजतात. याला सोरायसिसचा संधिवात म्हणतात. तो वेळीच ओळखला तर सांधे वाचतात. उशीर झाला तर हाड झिजतं, बोटं वाकडी होतात, आणि झिजलेलं हाड औषधाने परत येत नाही.

हे किती जणांना होतं? जगभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१९ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात सोरायसिसच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे २० जणांना हा संधिवात असल्याचं दिसलं. सोरायसिस मध्यम ते तीव्र असेल तर आकडा २५ च्या जवळ जातो. आशियातल्या पाहण्यांत तो कमी, १४ च्या आसपास आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये त्वचारोग विभागात आलेल्या हजाराहून अधिक रुग्णांत तो आठ-नऊ टक्के निघाला. काही ठिकाणी ३० टक्के हाही आकडा छापलेला दिसतो. एवढा फरक पडण्याचं कारण साधं आहे. मोठ्या रुग्णालयात जास्त आजारी माणसं येतात, म्हणून तिथे प्रमाण वाढतं. आणि सांधे कोणी तपासले, यावरही बरंच ठरतं. रुग्णाला नुसतं ‘सांधे दुखतात का?’ विचारलं तर एक उत्तर मिळतं; संधिवाततज्ज्ञाने प्रत्येक बोट दाबून पाहिलं तर दुसरं.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच वाटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात सोरायसिसच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १५ जणांना असा संधिवात निघाला, ज्याचं निदान तोवर झालेलंच नव्हतं. ही माणसं डॉक्टरांकडे जात होती, औषधं घेत होती, आणि तरीही सांध्यांचा आजार कोणाच्या नजरेला पडला नव्हता. त्वचेचे डॉक्टर त्वचा पाहतात, हाडांचे डॉक्टर हाडं पाहतात, आणि टाच दुखते हे त्वचेच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं, असं रुग्णाला वाटतं. ही फट रुग्णच बुजवू शकतो. पुढची कृती त्यासाठी आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. बहुतेकांना आधी त्वचेचा त्रास सुरू होतो आणि सांध्यांचा त्यानंतर, सरासरी दहाएक वर्षांनी. साधारण सात-आठ जणांपैकी एकाला मात्र सांधे आधी धरतात आणि चट्टे नंतर दिसतात. म्हणजे ज्याला सोरायसिस आहे त्याला लक्ष ठेवायला बऱ्याचदा काही वर्षं मिळतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१२ पासून असं सांगितलेलं आहे की, सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाची संधिवातासाठी वर्षातून एकदा तरी विचारपूस व्हावी, आणि पहिल्या दहा वर्षांत तर नक्कीच. आपल्याकडच्या ओपीडीतली गर्दी पाहता डॉक्टर आपणहून दर वर्षी हे विचारतील अशी आशा धरून बसू नका. दर तीन महिन्यांनी घरीच अर्धा तास काढा.

तयारी

एक वही, पेन, मोबाइलचा कॅमेरा आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड एवढं पुरे. नखांना रंग लावलेला असेल तर आदल्या रात्री काढून टाका. मेंदी असेल तर तपासणी थोडी पुढे ढकला, कारण नखाचा मूळ रंग दिसला पाहिजे. वहीत तारीख टाका. वेदनाशामक गोळी चालू असेल तर कोणती आणि किती वाजता घेतली, तेही लिहा. गोळीच्या अमलाखाली सांधा बरा वाटतो आणि खरी स्थिती झाकली जाते.

तपासणी दोन भागांत करायची. पहिला भाग सकाळी जाग येताच अंथरुणातूनच सुरू करायचा, दुसरा चांगला उजेड आल्यावर.

पहिलं काम: सकाळचं आखडणं मोजा

जाग आली की लगेच घड्याळ पाहा. दोन्ही हातांच्या मुठी वळून बघा. मूठ पूर्ण वळते का? बोटांची टोकं तळव्याला टेकतात का? मग उठा, पावलं जमिनीवर टेका, चार पावलं चाला. पहिली काही पावलं लंगडत टाकावी लागतात का, बाथरूमचा नळ फिरवताना मनगट धरतं का, शर्टाची बटणं किंवा ब्लाउजचे हूक लावताना बोटं ऐकत नाहीत का, कणीक मळायला घेतली तर हात कधी मोकळा होतो, याकडे लक्ष द्या. सांधे नेहमीसारखे हलायला लागले की पुन्हा घड्याळ पाहा. मधली मिनिटं वहीत लिहा.

पाच-दहा मिनिटांत सगळं सुरळीत होत असेल तर बहुधा काळजीचं कारण नाही. झीज झालेल्या गुडघ्यांतही असं होतं. अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल आणि हे रोजचं झालं असेल, तर ती सुजेच्या संधिवाताची खूण मानतात. त्याबरोबर आणखी एक फरक पाहायचा. झिजेचा सांधा दिवसभराच्या कामाने दुखतो आणि बसलं की बरा वाटतो. सुजेच्या संधिवाताचा सांधा बसून राहिलं की आखडतो आणि हालचाल केली की सैल होतो. एसटीतून तीन-चार तासांचा प्रवास करून उतरताना, किंवा लांबलचक बैठक संपवून उठताना गुडघे-घोटे धरून बसले असतील, आणि दहा मिनिटं चालल्यावर सुटले असतील, तर तेही वहीत यायला हवं.

कंबरदुखीचा निकष याच्याशी जोडलेला आहे. चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली कंबरदुखी; पहाटे तीन-चारला झोपेतून उठवणारी; उठून फेऱ्या मारल्या की कमी होणारी; कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात खोल ठणकणारी. अशी कंबर ‘गादी बदला’ म्हणून सोडून द्यायची नाही. सोरायसिसचा संधिवात पाठीच्या कण्यात आणि माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या सांध्यांतही बसतो, आणि तिथे बाहेरून सूज दिसत नाही.

दुसरं काम: नखं

आता खिडकीपाशी बसा. या कामाला घाई करू नका, कारण सोरायसिसच्या रुग्णाच्या नखांत सांध्यांची बातमी लवकर कळते. नुसता सोरायसिस असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची नखं कधी ना कधी बिघडतात. ज्यांना संधिवातही आहे, त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. बोटाचं शेवटचं पेर सरळ करणारी दोरी हाडाला जिथे चिकटते, तिथून तिचे धागे थेट नखाच्या मुळापर्यंत जातात. त्या जागी सूज आली की पेर आणि नख दोन्ही एकदम बिघडतात.

हात समोर धरून पाहू नका. बोट आडवं धरा, म्हणजे उजेड नखावर तिरका पडेल. सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का ते बघा. एखाददुसरा खड्डा कोणाच्याही नखावर असू शकतो. एकाच नखावर बरेच खड्डे, किंवा अनेक नखांवर तेच चित्र, ही नोंद घेण्यासारखी बाब. मग नखाचं टोक पाहा. ते खालच्या मांसापासून सुटून वर उचललं गेलंय का, आणि सुटलेल्या भागाच्या कडेला पिवळट-तांबूस पट्टा आहे का? नखाच्या मधोमध तेलाचा थेंब मुरल्यासारखा डाग दिसतो का? नख जाड होऊन खाली खडूसारखा भुगा साठलाय का? दहाही बोटं बघा, मग पायाची दहा. प्रत्येक हाताचा आणि पायाचा एकेक फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी पुढचा फोटो शेजारी ठेवला की फरक डोळ्यांना लगेच दिसतो, नुसत्या आठवणीवर तो कळत नाही.

नखांच्या बाबतीत एक गफलत वारंवार होते. पायाचं जाड, पिवळं नख पाहिलं की ‘फंगस आहे’ म्हणून महिनोन् महिने गोळ्या चालू होतात. फंगस असू शकते, दोन्ही एकत्रही असू शकतं. पण सोरायसिसच्या रुग्णाने गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा भुगा तपासून घ्यावा. साधी, स्वस्त तपासणी आहे.

नखं पाहून झाली की शेवटची पेरं दाबा, म्हणजे नखाच्या लगतचा सांधा. दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकं दाबायचं. दुखलं, गरम लागलं, किंवा शेजारच्या बोटापेक्षा फुगलेलं वाटलं, तर त्या बोटाचं नाव लिहा. नेहमीच्या आमवातात हे शेवटचं पेर सहसा सुटतं. सोरायसिसचा संधिवात मात्र ते धरतो.

तिसरं काम: फुगलेलं बोट शोधा

सांधा सुजणं वेगळं आणि अख्खं बोट सुजणं वेगळं. सोरायसिसच्या संधिवातात एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं फुगतं. पेरांच्या जागचे खोलगट भाग नाहीसे होतात, बोट लालसर-जांभळट दिसतं, वाकवताना त्रास होतो. हाताला होतं, पण पायाला अधिक होतं, आणि तिथे ते लपून राहतं. पायाकडे कोण बघतो? दिवसभर बूट नाहीतर चप्पल, रात्री थेट अंथरूण.

दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून वरून बघा आणि तेच बोट दुसऱ्या पायाच्या बोटाशी ताडून पाहा. जोडवी घालणाऱ्या बायकांना ही खूण फार लवकर कळू शकते. वर्षानुवर्षं सैल असलेलं एका पायाचं जोडवं अचानक रुतायला लागलं आणि दुसऱ्या पायाचं मात्र तसंच सैल आहे, तर वजन वाढलंय किंवा उन्हाळ्याने पाय सुजलेत, असं समजू नका. त्याने दोन्ही पाय सुजले असते. बोटातली अंगठीही अशीच सांगते. सूज चढत असेल तर जोडवं किंवा अंगठी त्याच दिवशी साबण लावून उतरवा, नाहीतर पुढे कापून काढायची वेळ येते.

अशी सूज पंधरा दिवसांत आपोआप उतरू शकते. उतरली म्हणून विसरू नका. फोटो काढा, तारीख लिहा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत बोट पूर्ववत झालेलं असेल आणि तुमच्या सांगण्यापलीकडे पुरावा उरणार नाही. ज्या बोटाला असं होतं त्याचं हाड पुढे झिजण्याचा धोका इतर बोटांपेक्षा जास्त असतो, म्हणून हा एक फोटो मोलाचा आहे.

चौथं काम: टाच

टाच दोन ठिकाणी तपासायची. एक मागची बाजू, जिथे पोटरीची जाड दोरी टाचेच्या हाडाला मिळते. दुसरी तळव्याची, टाचेच्या पुढच्या कडेला. अंगठ्याने जोर देऊन दाबा. मग भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभे राहा आणि हळू खाली या. मागची दोरी जाड झालीय का, दोन्ही पायांत फरक आहे का, दाबल्यावर कळ येते का?

टाचदुखी अगदी सर्रास आढळते. दिवसभर उभं राहणारे शिक्षक, पोलीस, दुकानदार, वजन वाढलेली माणसं, सगळ्यांनाच होते, आणि बहुतेकांच्या टाचदुखीचा सोरायसिसशी काही संबंध नसतो. पण सोरायसिस आहे, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी जास्त दुखतात, आणि ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं सांगून दिलेल्या मऊ चपलांनी तीन महिन्यांत फरक पडलेला नाही, तर प्रश्न पुढे न्यायला हवा. टाचेबरोबर कोपराची बाहेरची बाजू, गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा आणि छातीच्या बरगड्या जिथे मधल्या हाडाला जुळतात तो भागही दाबून पाहा. दोऱ्या हाडाला चिकटण्याच्या याच जागा आहेत.

उरलेलं लवकर आटोपतं. मनगट, गुडघे, घोटे डाव्या-उजव्या जोडीने पाहा. सोरायसिसचा संधिवात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखा नसतो; एक गुडघा, दुसरीकडचं मनगट, पायाचं एखादं बोट, असा विस्कळीत पसरतो. त्यामुळेच ‘एवढे सांधे दुखताहेत, पण जोडीने नाहीत, मग संधिवात नसेल’ असा भलता निष्कर्ष काढला जातो.

त्वचेवर कुठे कुठे चट्टे आहेत, तेही या वेळी लिहून घ्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००९ च्या अभ्यासात तीन गोष्टींचा पुढच्या संधिवाताशी संबंध दिसला: नखं बिघडणं, डोक्याच्या त्वचेत सोरायसिस असणं, आणि कुल्ल्यांच्या फटीत किंवा गुदद्वाराजवळ चट्टे असणं. शेवटची जागा लाजेने कोणी दाखवत नाही. डॉक्टरांना सांगा, तिथला एक चट्टा त्यांच्या दृष्टीने मोठी माहिती असते. घरात आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला सोरायसिस किंवा संधिवात असेल तर तेही लिहा. स्वतःचं वजन लिहा. लठ्ठपणाने हा धोका वाढतो.

आणि डोळा. एका डोळ्याला लाली, खोल दुखणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, असं एकत्र झालं तर तीन महिन्यांची वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सोरायसिस आहे हे सांगा. डोळ्याच्या आतली सूज या आजाराबरोबर येऊ शकते आणि उशिराने नजरेला धोका होतो. घरात पडलेले जुने थेंब घालू नका.

पाच प्रश्न

इंग्लंडमध्ये सोरायसिसच्या रुग्णांसाठी २००९ साली ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची चाळणी तयार झाली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. आतापर्यंतच्या तपासणीतून तुमच्याकडे तिची उत्तरं आलेली आहेत. कधी एखादा सांधा सुजला होता का? कोणा डॉक्टरांनी संधिवात असल्याचं कधी सांगितलंय का? नखांना खड्डे आहेत का? टाच दुखली आहे का? मार लागलेला नसताना हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट सुजून दुखलं होतं का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. तीन किंवा अधिक गुण झाले तर संधिवाततज्ज्ञाला दाखवायचंच.

चाळणीच ती. पाठीचा कणा तिच्यात येत नाही. म्हणून गुण दोनच झाले, पण सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या वर आहे, किंवा कंबर वर सांगितल्यासारखी दुखते, तरी जायचंच. आणि तीन गुण झाले म्हणजे आजार ठरला, असंही नाही. ते डॉक्टर ठरवतील.

डॉक्टरांकडे

संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच. जवळ नसतील तर एमडी फिजिशियनकडे किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात जा. हाडांच्या डॉक्टरांकडेच जाणार असाल तर आत शिरताच सोरायसिसचा उल्लेख करा. कपड्यांखालचा चट्टा त्यांना दिसत नाही. गुडघा दाखवायला गेलेला माणूस डोक्यातल्या खवल्यांबद्दल बोलत नाही आणि निदान तिथेच चुकतं.

पहिलं वाक्य तयार ठेवा: ‘मला इतक्या वर्षांपासून सोरायसिस आहे, सकाळी इतकी मिनिटं सांधे आखडतात, या या सांध्यांना सूज येते. हा सोरायसिसचा संधिवात असू शकतो का?’ मग वही आणि फोटो पुढे करा.

तपासण्यांचे कागद आल्यावर घाईने हुश्श करू नका. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही’ हे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येतं आणि सोरायसिसच्या रुग्णासाठी ते सरळसरळ चुकीचं आहे. या संधिवातात आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी रक्तात तपासतात तो घटक, बहुधा निगेटिव्हच असतो. तज्ज्ञांनी २००६ साली जे निकष ठरवले त्यांत तर तो निगेटिव्ह असण्याला गुण दिलेला आहे. सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले आकडेही बऱ्याच रुग्णांत, जवळजवळ निम्म्यांत, वाढलेले नसतात. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. सूज दिसायला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. रक्ताच्या एकाच चाचणीवर हे निदान होत नाही. ते हाताने तपासून आणि रुग्णाचं ऐकून होतं.

उलट बाजूने युरिक ॲसिड फसवतं. सोरायसिसमध्ये ते वाढलेलं असू शकतं. पायाचं बोट सुजलंय आणि युरिक ॲसिड वाढलंय म्हटलं की गाऊटच्या गोळ्या आणि डाळी बंद, असं होतं. गाऊट असेलही, पण सोरायसिसच्या रुग्णात फक्त या एका आकड्यावर थांबू नये, असा आग्रह धरा. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण त्यानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने राहते आणि दोन्हींची गल्लत होते.

जायला किती उशीर चालेल? आयर्लंडमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, लक्षणं सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञाला भेटायला सहा महिन्यांहून अधिक वेळ गेला, तर पुढे हाडांची झीज आणि रोजच्या कामातली अडचण जास्त राहते. सहा महिने फार पटकन जातात. पावसाळा संपल्यावर बघू, मुलीचं लग्न झाल्यावर बघू, असं म्हणण्यात ते निघून जातात.

औषध चालू झाल्यावर

उपचार डॉक्टर ठरवतील. रुग्णाने सांभाळायच्या चार गोष्टी मात्र लिहितोच.

मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं जुनं, स्वस्त आणि खूप वापरलं जाणारं औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. हा धोका कागदावरचा नाही. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या, तो प्रिस्क्रिप्शनवर मराठीत लिहून मागा, औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरात औषधं देणारं माणूस कोण आहे त्यालाही सांगा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी बहुधा वेगळ्या दिवशी असते, त्यामुळे गोंधळ होतो. दारू बंद. रक्ताच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

पोटात घ्यायची स्टिरॉइडं अचानक बंद केली तर सोरायसिस एकदम भडकू शकतो, अंगभर पसरू शकतो. म्हणून दुसऱ्या कोणा डॉक्टरांनी सांधेदुखीसाठी ती लिहून दिली तर सोरायसिस आहे हे तिथेच सांगा, आणि चालू असतील तर मनाने थांबवू नका. ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत सगळं दुखणं गायब, भूक वाढली, चेहरा गोल झाला, असं झालं तर पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. लाजू नका, लपवू नका. लपवल्याने उपचार चुकतात.

मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम पडला नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात. ती महाग आहेत, पण अडॅलिमुमॅब या इंजेक्शनची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ च्या अखेरीस बाजारात आली आणि त्यानंतर आणखी कंपन्या उतरल्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेली किंमत मनात धरून नाही म्हणू नका, आजचा भाव विचारा. ही इंजेक्शनं सुरू होण्याआधी क्षयरोगाची तपासणी करायचीच. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली की ते उठतात. घरात कोणाला कधी टीबी झाला असेल तर ते सांगणं तुमचं काम आहे.

चौथी गोष्ट वजनाची. जास्त असेल तर ते उतरवल्याने सांध्यांवरचा भार कमी होतो, आणि औषधही अधिक चांगलं लागू पडतं. सिगारेट-तंबाखू सोडा. व्यायाम थांबवू नका. चालणं, पोहणं, सायकल, जे सांध्यांना सोसेल ते रोज. सूज ऐन भरात असलेल्या सांध्याला मात्र मालिशवाल्याकडून रगडून घेऊ नका.

सोरायसिस असलेल्या तुमच्या भावंडांना आणि मुलांनाही ही तपासणी करायला सांगा, त्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. आणि तुमची स्वतःची त्वचेच्या डॉक्टरांकडची पुढची तारीख कधी आहे ते बघा. त्या दिवशी सहज निघतील अशा चपला घालून जा, मलमाची चिठ्ठी हातात पडण्याआधी दोन्ही पाय पुढे करा आणि म्हणा, ‘डॉक्टर, माझे सांधेही एकदा बघा.’